मूळ जपा, प्रत पाठवा



मंगल परिणय असो, नामकरण असो की १४ एप्रिलची मिरवणूक, आज घरोघरी एक तरी कॅमेरावाला आहेच. घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्यापासून घाटावरच्या मेहकर-लोणारपर्यंत, मोबाईलवर चित्रण करून, नको ते कापून, गाणे जोडून सुबक व्हिडिओ तयार करणारी मुले-मुली आम्ही पाहतो. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण एवढ्या कष्टाने केलेला व्हिडिओ पुण्याला कंपनीत कामाला असलेल्या भावाला पाहता येत नाही. का? तर फाईल बाराशे एमबीची आणि भावाचा रिचार्ज रोजच्या दीड जीबीचा! बहिणीचे लग्न पाहायचे, तर त्याचा दिवसभराचा डेटा संपलाच म्हणून समजा. हा खर्च पाठविणाऱ्याला दिसत नाही. तो घेणाऱ्याच्या खिशातून जातो.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा आधी हिशेब मांडू. व्हिडिओ दर सेकंदाला किती माहिती खर्च करतो, त्या दराला बिटरेट म्हणतात. तो एमबीपीएसमध्ये मोजतात. त्या आकड्याला आठाने भागा आणि सेकंदांनी गुणा, म्हणजे फाईल किती एमबीची होईल ते कळते. दहा मिनिटांचे सेकंद ६००. दर १६ असेल तर १६ भागिले ८ गुणिले ६००, म्हणजे १२०० एमबी. तोच दर २ केला तर १५० एमबी. आवाजाला फारशी जागा लागत नाही. १२८ केबीपीएसने दहा मिनिटांचा आवाज जेमतेम १० एमबीत बसतो. म्हणून आवाजात काटकसर करू नये.

एवढी जागा वाचते कशी? व्हिडिओ साठविताना प्रत्येक चित्र पूर्ण ठेवले जात नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतात आणि त्यापुढच्या चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदवितात. खुर्चीत बसून बोलणारी आजी त्यामुळे थोड्या जागेत मावते. मिरवणुकीत मात्र निळीची उधळण, लेझीम आणि फडफडते झेंडे असतात. तेथे क्षणोक्षणी सगळेच बदलते. दर फार कमी केला की चित्राचे चौकोन-चौकोन दिसू लागतात. कॅमेरा हलता ठेवला तरी तेच होते, म्हणून चित्रण करतानाच हात टेकवून धरावा.

आता एक्स्पोर्ट करताना काय निवडावे? मोबाईलवर पाहण्यासाठी ७२०पी पुरेसे आहे. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, ७२०पीमध्ये सुमारे सव्वानऊ लाख, म्हणजे नवव्या हिश्श्याइतके. ठिपके कमी असले की कमी दरातही चित्र स्वच्छ राहते. बसून केलेल्या बोलण्याला दीड एमबीपीएस, मिरवणुकीला किंवा नाचगाण्याला तीन ते चार, असा अंदाज धरावा. चित्रण १०८०पीमध्ये झाले असेल तर ४केमध्ये एक्स्पोर्ट करून स्पष्टपणा वाढत नाही, नुसता फाईलचा बोजा वाढतो. प्रकार एमपी४ आणि कोडेक एच.२६४ ठेवावा. २००३ साली ठरलेली ही पद्धत जुन्या मोबाईलवर आणि टीव्हीवरही चालते. २०१३ची एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र देते, पण ती जुन्या यंत्रांवर चालेलच असे नाही. घरात कॉम्प्युटर असेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर हे काम नीट करते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लहान केलेली फाईल पुन्हा मोठी केली तरी गेलेले चित्र परत येत नाही. टाईपरायटरच्या काळात आमच्या ऑफिसात पाचवी कार्बन कॉपी वाचता वाचता डोळे दुखत. व्हिडिओचेही तसेच आहे. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा संकलनासाठी दोन व्हीसीआर जोडून एका टेपवरून दुसऱ्या टेपवर चित्र उतरविले होते. टेपवरून टेप, तीवरून पुन्हा टेप, असे करताना दर वेळी चित्र फिके पडते. त्या जिद्दी मंडळींवरचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२५ साली आला. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. मूळ चित्रणावरून एकदाच लहान प्रत काढावी, आलेली प्रत पुन्हा दाबू नये. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या रीतीने पाठविला तर ते स्वतःच तो आणखी दाबते. डॉक्युमेंट म्हणून पाठविला तर जसाच्या तसा जातो. २०२२पासून अशी २ जीबीपर्यंतची फाईल पाठविता येते.

यात आम्हाला सर्वांत मोठा धोका दिसतो तो वेगळाच. प्रत पाठवून झाली की जागा रिकामी करण्यासाठी पोरे मूळ चित्रण पुसून टाकतात. मग घरात उरते ती ग्रुपवरून फिरून आलेली अंधूक प्रत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईवडिलांचे बोट धरून गेलेली दहा वर्षांची मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांचे बोलणे नातवंडांनी मोबाईलवर घेतले असेल, तर ते पुन्हा मिळणारे नाही. लग्न दुसऱ्या भावाचे होईल, आजीचे बोलणे दुसऱ्यांदा होणार नाही.

तेव्हा मूळ फाईल पेन ड्राईव्हवर आणि आणखी एका ठिकाणी, अशी दोनदा ठेवा. पेन ड्राईव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल बसत नाही. तेवढ्यासाठी चित्रणाचे भाग करून ठेवा. फाईलला नाव, गाव आणि तारीख लिहा. दोन्ही ठिकाणची फाईल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहा. त्यानंतरच मोबाईलमधली पुसा.