निरोपाचा नारळ

निरोपसमारंभात शाल अंगावर घालतात आणि नारळ हातात देतात. शालीचे मी समजू शकतो. उद्यापासून घरी बसायचे, थंडी वाजेल. पण नारळाचा अर्थ आपल्या भाषेने आधीच ठरवून टाकला आहे. एखाद्याला ‘नारळ दिला’ म्हणजे काय झाले, हे शेंबड्या पोरालाही कळते. फरक एवढाच की निरोपसमारंभात तो टाळ्यांच्या कडकडाटात देतात आणि वर बटाटेवडा देतात.

आमच्या शाखेतल्या हेडकॅशियर अण्णांना असा नारळ मिळून आता चार वर्षे होतील. ‘उरलेले आयुष्य नातवंडे आणि ज्ञानेश्वरी’ असे त्यांनी भाषणात गहिवरून सांगितले होते. आमच्यापैकी दोघांनी डोळेही पुसले. पुढच्या सोमवारी पावणेअकराला अण्णा शाखेत हजर! पासबुक भरून घ्यायचे होते म्हणे. तेव्हापासून ते पासबुक रोज भरून होते आहे. भरता भरता अण्णा आम्हांला नोटा कशा मोजाव्यात, रबर कुठे घालावे आणि मॅनेजरला कसे गुंडाळावे, हे सांगत असतात.

अशा या अण्णांनी परवा एका बाईला नारळ दिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले ते असे. माझी भाची कॅनडात असते. 2023 साली तिने शनाया ट्वेन या गायिकेचा जलसा पाहिला आणि त्यातले दोन तुकडे फोनवर उतरवून मामाला पाठवले. जेवणाच्या सुट्टीत मी ते पुन्हा बघत बसलो होतो, तोच खांद्यावरून अण्णांची मान पुढे आली.

“कोण रे ही?”

मी भोळेपणाने सगळी माहिती पुरवली. ही कॅनडाची बाई. कंट्री गाणारी. कंट्री म्हणजे अमेरिकेतले गावाकडचे गाणे, गिटार आणि फिडलवरचे. 2015 साली हिने ‘हा माझा शेवटचा दौरा’ म्हणून जाहीर केले होते आणि त्या दौऱ्यातच हिला पन्नास पुरी झाली.

“मग आता कशाला गातेय?” अण्णा कडाडले. “ही चक्क फसवणूक आहे. एकदा निरोप घेतला की घरी बसावं माणसानं. त्यातून बाईमाणसानं! वय काय, कपडे काय! आणि आवाज तरी राहिला असेल का?”

एवढे बोलून त्यांनी पासबुक पुढे केले.

अण्णांशी काउंटरवर वाद घालता येत नाही. मागे रांग असते आणि रांगेला अण्णांचे पटते. म्हणून तो वाद इथे घालतो. आरोप तीन आहेत. एकेक घेऊ.

आरोप पहिला, शब्द फिरवला. मान्य. 2015 च्या जूनमध्ये सिअॅटलहून निघालेला दौरा शेवटचा होता, ऑक्टोबरात तो संपला. मग 2017 साली तिची पंधरा वर्षांनंतरची पहिली नवी ध्वनिमुद्रिका आली, 2018 साली दौरा निघाला आणि 2023 साली आणखी एक. पण ज्या मराठी माणसाने नाटकाच्या जाहिरातीत ‘शेवटचा प्रयोग’ आणि पुढच्याच रविवारी ‘लोकाग्रहास्तव आणखी एकच प्रयोग’ वाचले आहे, त्याने या गोष्टीचा इतका धक्का घ्यावा? आमची बँक थकबाकीदाराला जी ‘अंतिम सूचना’ धाडते, ती मी स्वतः एकाच गृहस्थाला सात वेळा टाइप केली आहे. त्याने कधी फसवणुकीची तक्रार केली नाही. उलट आठवी आली नाही तेव्हा चौकशी केली.

आता दुसरी बाजू ऐका. कंट्रीतलाच एक बुवा आहे, जॉर्ज स्ट्रेट. त्यानेही निरोपाचा दौरा काढला. 2014 च्या जूनमध्ये टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला त्याचा शेवटचा जलसा झाला आणि त्याला 1,04,793 माणसे लोटली. आपण दौरे थांबवतो आहोत, गाणे नव्हे, असे त्याने सांगितले होते, हे न्यायाने नमूद करतो. पण 2016 पासून स्वारी लास व्हेगासला गाऊ लागली आणि 2024 च्या जूनमध्ये टेक्ससमध्येच एका स्टेडियममध्ये त्याने 1,10,905 माणसे जमवली, म्हणजे निरोपापेक्षाही जास्त. तिकीट लावून झालेल्या एका जलशाच्या गर्दीचा अमेरिकेतला तो त्या वेळचा विक्रम ठरला. त्याला कोणी फसवणूक म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुरुष परत आला की ‘राजा परतला’, बाई परत आली की ‘हिचं अजून संपलं नाही का?’

आरोप दुसरा, आवाज. हा आरोप तर तिच्यावर आवाज चांगला होता तेव्हापासून आहे. 1995 साली तिची ध्वनिमुद्रिका तुफान खपली, पण ती दौऱ्यावर निघाली नाही. लगेच जाणकार म्हणाले, हिला समोर गाता येत नाही, हा सगळा स्टुडिओतल्या यंत्रांचा आणि निर्माता नवऱ्याचा खेळ आहे. 1997 सालची पुढची ध्वनिमुद्रिका जगभरात चार कोटींच्या वर खपली. अखेर 29 मे 1998 रोजी ओंटारिओतल्या सडबरी गावी ती अरिनात उभी राहिली. अरिना म्हणजे छप्पर घातलेले अवाढव्य क्रीडागृह. एरवी तिथे बर्फावरची हॉकी चालते आणि हजारो माणसे ओरडत असतात. तिथे स्टुडिओतले यंत्र उपयोगी पडत नाही, छाती लागते. ती गायली. पुढच्या वर्षी ओटावाच्या अरिनात तर रेडिओची स्पर्धा जिंकलेल्या चौदा वर्षांच्या एका पोरीला शेजारी उभे करून गायली. ती पोरगी पुढे अॅव्हरिल लव्हीन म्हणून जगभर गाजली.

मग 2003 साली तिला गोचिडीच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार झाला आणि आवाजाच्या नसा दुबळ्या झाल्या. ज्या गळ्यावर कोट्यवधी माणसे जीव टाकत होती, तो गळा सरळ ओरडूसुद्धा शकेना. पुढे बाहेरून गळा कापून शस्त्रक्रिया झाली. ती पुन्हा गाऊ लागली तेव्हा आवाज थोडा जाड झालेला होता. तेव्हा लोक म्हणाले, पहिल्यासारखा नाही हो! म्हणजे मंचावर आली नाही तर ‘गाता येत नाही’ आणि आली तर ‘आता कशाला आली?’ आपल्याकडे नव्या सुनेचे असेच असते. बोलली तर उद्धट, न बोलली तर घुमी.

आरोप तिसरा, वय आणि कपडे. रोलिंग स्टोन्स या टोळीचा मिक जॅगर 2024 साली ऐंशी वर्षांचा होता आणि घट्ट विजार घालून अमेरिकेतल्या स्टेडियममधून उड्या मारत होता. त्या दौऱ्याचे प्रायोजकत्व कोणी घ्यावे? पन्नाशीपुढच्या अमेरिकनांच्या संघटनेने! म्हणजे आमच्या पेन्शनर संघाने मलखांबाच्या स्पर्धा भरवण्यासारखे झाले. सगळ्यांना कौतुक. ‘काय उत्साह या वयात!’ हा एकच उत्साह बाईच्या अंगात शिरला की त्याचे नाव बदलून आचरटपणा होते.

तुम्ही म्हणाल, एवढे चिडायला काय झाले? सांगतो. ज्या 2015 सालच्या जूनमध्ये ही बाई आपला शेवटचा म्हटलेला दौरा घेऊन निघाली, त्याच्याच आदल्या महिन्यात अमेरिकेतल्या एका रेडिओ-सल्लागाराने कंट्री वाजवणाऱ्या केंद्रांना जाहीर सल्ला दिला होता. श्रोते टिकवायचे तर बायकांची गाणी कमी लावा, लागोपाठ दोन तर लावूच नका. गाण्यांच्या या कोशिंबिरीत पुरुष म्हणजे मूळ भाजी आणि बायका म्हणजे मधूनमधून पेरायचे टोमॅटो. यावर पुष्कळ गदारोळ झाला. पण मुद्दा असा की नारळ हा असाही दिला जातो. शाल नाही, भाषण नाही, वडा नाही. नुसती गाण्यांची यादी करणारा कोणी तरी टोमॅटो मोजतो.

अरिनात टोमॅटो मोजत नाहीत. तिथे तिकीट मोजतात. घाम गाळून मिळवलेले पैसे देऊन, वर सर्व्हिस चार्ज भरून पंधरा हजार माणसे येतात आणि पन्नाशीच्या बाईला म्हणतात, गा. निरोप द्यायचा की नाही, हे ठरवायचा हक्क असलाच तर त्यांचा आहे आणि त्याआधी तिचा स्वतःचा. माझा नाही, अण्णांचा नाही, सल्लागाराचा तर मुळीच नाही.

आणि ही बाई काही गादीवर बसून मोठी झाली नाही. टिमिन्स या सोन्याच्या खाणीच्या गावात गरिबीत वाढली. आठव्या वर्षी दारूच्या गुत्त्यात, दारू द्यायचे बंद झाल्यावर गायची, कारण घरी पैसे हवे असत. बाविसाव्या वर्षी आईबाप अपघातात गेले तेव्हा हॉटेलात गाऊन धाकट्या भावंडांना वाढवले. पुढे तिच्या गावाने 2001 साली तिच्या नावाचे संग्रहालय उभारले. ते चालेना. 2013 साली बंद केले, जागा सोन्याच्या खाणवाल्यांना विकली आणि इमारत पाडून तिथे खाण खणली. जिवंतपणी आपले स्मारक पाडलेले पाहून बाईने काय करावे? दोन वर्षांनी दौरा काढला.

हे सारे मी काल अण्णांना सांगितले. रांग नव्हती. ते ऐकत राहिले. मग मी धीर करून विचारले, “अण्णा, निरोप तर तुम्हीही घेतला होतात. तुम्ही रोज का येता?”

अण्णांनी खिशातून पासबुक काढले, उघडले, मिटले.

“घरी कोणी हिशेब विचारत नाही रे,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “ते गाणं लाव बघू परत. आवाज जरा वाढव.”

गाणे संपल्यावर त्यांनी पासबुक पुढे केले. कालपासून एकही नवी नोंद नव्हती. तरी मी ते मशीनला लावून दिले.