अजिंठ्यातील ‘इराणी वकिलात’ : आधी वर्णन, मग अर्थ

१/ अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचे एक चित्र आहे. सिंहासनावर राजा, समोर टोकदार टोप्या घातलेले, दाढीधारी परदेशी पुरुष, पुढच्याच्या हाती मोत्यांची माळ. चित्र सांगते ते एवढेच. कोणाचेही नाव त्यात नाही.

२/ नाव दिले जेम्स फर्ग्युसन यांनी, १८७९ मध्ये : चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि इराणच्या दुसऱ्या खुस्रोचा वकील. आधार होता तबरीच्या अरबी इतिहासाचा. पण त्यात भारतीय राजाचे दूत खुस्रोकडे गेल्याचा उल्लेख आहे. चित्रातले पाहुणे तर भारतीय दरबारात आलेले!

३/ पुलकेशीचा राज्यकाळ सुमारे ६१० ते ६४२. बहुतेक अभ्यासक हे लेणे मात्र वाकाटक हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानतात. डीटर श्लिंगलॉफ यांनी या प्रसंगात महासुदर्शन राजाची बौद्ध कथा ओळखली.

४/ तरीही जुने शीर्षक सुटत नाही, कारण ते अभिमानाला सुखावते. एकदा शीर्षक वाचले की डोळे पाहणे थांबवतात आणि चित्र केवळ साक्षीला उभे राहते.

५/ पुलकेशीचे नाव गळाल्याने चित्राचे मोल घटत नाही, उलट वाढते. बौद्ध कथा रंगवतानाही दख्खनमधल्या चित्रकाराला परदेशी पोशाखाचे बारकावे ठाऊक होते. सम्राटांच्या भेटीपेक्षा ही परिचयाची खूण इतिहासाला अधिक काही सांगते. म्हणून विद्यार्थ्याला आधी ‘काय दिसते?’ हे लिहायला शिकवावे, ‘कोण?’ हा प्रश्न त्यानंतरचा.