शिकरण, मिल्कशेक आणि विरुद्धान्न

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरातला मिक्सर दिवसभर फिरू लागतो आणि त्याच्याबरोबर एक जुना वादही. सूनबाई मुलांसाठी मँगो मिल्कशेक करते. सासूबाई म्हणतात, "दुधात फळ घालू नये गं, विरुद्धान्न होतं." त्यावर एखादा चुणचुणीत नातू विचारतोच, "आजी, मग शिकरण कसं चालतं?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा मैत्रिणींनो, मुळात शास्त्रात काय सांगितलंय ते आधी पाहू या.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराचा विचार आला आहे. जे अन्न दोषांना जागचं हलवतं, पण शरीराबाहेर टाकत नाही, ते विरुद्ध. दुधाबरोबर नको अशा फळांची तिथे यादीच आहे. बोर, जांभूळ, कवठ, करवंद, डाळिंब, आवळा आणि आंबासुद्धा! शिवाय, आंबट ते सगळंच दुधाला विरुद्ध, असंही सांगितलं आहे. केळ्याबद्दल वाग्भटाने ताक आणि दह्याबरोबर मनाई केली आहे.

पण गंमत अशी, की नंतरच्या काळातला भावप्रकाश हा ग्रंथ दूध घातलेल्या आंब्याचं कौतुक करतो. तो बल वाढवणारा, रुची आणणारा, मात्र पचायला जड, असं त्यात म्हटलं आहे. म्हणूनच आजचे बरेच वैद्य सांगतात, की पिकलेला, गोड आंबा दुधात चालेल. आंबट फळं नकोत. दुसरी गोष्ट म्हणजे चरकांनी सवलतही दिली आहे. ज्याचा अग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो, ज्याला ते अन्न सवयीचं आहे किंवा जो ते थोडंसंच खातो, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही. दिवसभर उन्हात हुंदडणाऱ्या मुलाने वाटीभर शिकरण खाल्लं तर आकाश कोसळत नाही, ते यामुळेच.

आजचं विज्ञान काय सांगतं? आंबट फळाने दूध पोटात फाटतं, ही भीती आपल्याला असते. पण नुसतं दूध प्यायलं तरी ते जठरात फाटतंच. जठरातलं आम्ल संत्र्याच्या रसापेक्षा कितीतरी तीव्र असतं आणि दूध पचण्याची सुरुवातच तशी होते. तरीही कुणाला मिल्कशेकनंतर पोट फुगणं, गॅस, जुलाब असा त्रास होत असेल, तर तो खोटा मानू नये. मोठेपणी दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज न पचणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. चार दिवस नुसतं दूध आणि चार दिवस नुसतं फळ घेऊन पाहा, चोर कोण ते बहुधा कळेल. लग्नकार्यातल्या फ्रूट सॅलडने पोट बिघडलं, तर दोष जोडीचा की तासन् तास उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या पातेल्याचा, हेही पाहायला हवं.

इथवर वाद गोडीगुलाबीचा आहे. तो बाईच्या जिवावर येतो तेव्हा मात्र बोलावंच लागतं. बाळंतिणीला कितीतरी घरांत संत्रं-मोसंबं, लिंबू देत नाहीत, कारण म्हणे अंगावरचं दूध फाटेल, बाळाला बाधेल. आईचं दूध रक्तातल्या पोषणातून तयार होतं. तिने खाल्लेलं लिंबू तिथे जाऊन दूध नासवत नाही. उलट जेवणातल्या लोहाचं शोषण लिंबाने सुधारतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी ओल्या बाळंतिणीचं फळ बंद करणं तिला परवडणारं नाही. जोडी टाळायचीच असेल तर ही टाळा: लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका.

तीच गोष्ट कोडाची. मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला, की "आईने लहानपणी दूध-मासे दिले असतील," असं सहज बोललं जातं. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. त्यात आईच्या हातच्या जेवणाचा काही दोष नाही. तिला आयुष्यभर अपराधी ठरवणं थांबलं पाहिजे.

आणि एक शेवटचं. चरकांनी विरुद्धाचे १८ प्रकार सांगितले आहेत. दूध आणि फळ ही जोडी त्यातल्या एकाच प्रकारात, संयोगविरुद्धात, बसते. क्रमविरुद्ध नावाचाही एक प्रकार आहे. भूक नसताना खाणं जसं त्यात येतं, तसंच भूक अनावर झाल्यावर खाणंही येतं. सगळ्यांची पानं वाढून, ओटा आवरून, दुपारी तीन वाजता उरलंसुरलं गार जेवण पोटात ढकलणारी बाई रोज विरुद्ध आहारच करत असते. मिल्कशेकवर जेवढी नजर असते, तेवढी तिच्या ताटावर कुणाची असते का?

तेव्हा मुलांना ताजं, गोड फळ घालून शिकरण जरूर द्या, आंबट फळं मधल्या वेळी वेगळी द्या. आणि उद्यापासून आपलंही पान सगळ्यांबरोबरच वाढून घ्या. हे पथ्य सासूबाई आणि सूनबाई दोघींनी मिळून पाळण्याजोगं आहे.