निष्ठेची कसोटी शेजाऱ्याच्या दारात

शेजारधर्म हा शब्द मराठीला नवा नाही. अडीअडचणीला धावून जावे, दुखण्याखुपण्यात विचारपूस करावी, हा त्याचा रूढ अर्थ. शेजारी कोण, हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. तो भिंतीपलीकडे राहतो. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र सारा भर याच प्रश्नावर आहे. लूककृत शुभवर्तमानात एक शास्त्री तो विचारतो, तेव्हा येशू व्याख्या न देता कथा सांगतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी ओलांडून जातात. यहुद्यांशी ज्यांचे हाडवैर, त्या शोमरोनींपैकी एक जण त्याची शुश्रूषा करतो. शेजारी हा मिळत नसतो, शेजारी व्हावे लागते, हे या कथेचे तात्पर्य आहे.

ईश्वरनिष्ठा आणि शेजाऱ्यावरील प्रेम या दोन आज्ञा येशूने एकत्र बांधल्या. राज्यसत्ता जेव्हा याच निष्ठेवर हक्क सांगू लागते, तेव्हा त्या बांधणीची परीक्षा होते. फ्रान्समधील ल शाँबाँ-सुर-लिन्यों या डोंगराळ गावात ती झाली. 22 जून 1940 रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला आणि जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासितांना स्वाधीन करण्याचे कलम मान्य केले. दुसऱ्याच दिवशी गावातील प्रोटेस्टंट पाळक आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस यांनी, सद्विवेकावरील बळजबरीला आत्मिक शस्त्रांनी विरोध करावा, असे मंडळीला आवाहन केले. पुढील चार वर्षे त्या पठारावरील शेतकऱ्यांनी, शाळांनी आणि वसतिगृहांनी पळून आलेल्या ज्यूंना आसरा दिला. आश्रितांची नेमकी संख्या वादाची असली, तरी ती शेकडोंच्या खाली कोणीच नेत नाही. 1942 च्या उन्हाळ्यात ज्यूंची यादी मागितली गेली, तेव्हा त्रोक्मे यांनी ती देण्यास साफ नकार दिला.

1943 च्या फेब्रुवारीत दोन्ही पाळकांना छावणीत डांबण्यात आले. सुटकेसाठी मार्शल पेताँ यांच्या सरकारशी निष्ठेच्या कागदावर सही करा, असे सांगण्यात आले. त्यांनी ती केली नाही. तरीही पुढे त्यांची सुटका झाली. त्रोक्मे यांच्या नात्यातील शिक्षक दानिएल त्रोक्मे मात्र परतले नाहीत. जून 1943 मध्ये विद्यार्थ्यांसह त्यांना अटक झाली आणि 1944 मध्ये मायदानेक येथील छावणीत त्यांचा अंत झाला.

राज्याची आज्ञा पाळावी, असे पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. त्या काळी जर्मनीतील अनेक धर्मोपदेशकांनी हाच आधार घेतला. परंतु शेजाऱ्यावर प्रीती करणारा नियमशास्त्र पूर्ण करतो, हेही पौलाने त्याच अध्यायात सांगितले आहे. अर्धा अध्याय वाचून थांबणे ही निष्ठा नव्हे, सोय आहे. शिवाय ज्यूंविषयीचा द्वेष युरोपात शतकानुशतके ख्रिस्ती व्यासपीठांवरूनही पोसला गेला होता. ल शाँबाँचे उदाहरण त्यामुळे धर्माचा गौरव करते, तसे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करते. एका पठाराला जे साधले, ते मोठमोठ्या धर्मपीठांना का साधले नाही?

उत्तराचा एक भाग इतिहासात आहे. तेथील बहुसंख्य लोक ह्युगनोंचे वंशज. 1685 मध्ये नांतचा फतवा रद्द झाल्यावर त्यांच्या पूर्वजांनी छळ सोसला होता, लपूनछपून उपासना केली होती. त्या स्मृतीतून त्यांनी सूड घेतला नाही, सहानुभूती घेतली. छळाची आठवण प्रत्येक समाजाजवळ असते. तिचा उपयोग कशासाठी करायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने 1990 मध्ये या गावाचा आणि परिसराचा सन्मान केला. गावकऱ्यांना त्याचे अप्रूप नव्हते. दारात आलेल्याला आत घेतले, यात विशेष ते काय, असे ते म्हणत. निष्ठेच्या घोषणा सर्वत्र मोठ्याने होत असताना हे साधे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. ईश्वराशी, राष्ट्राशी वा जमातीशी असलेली जी निष्ठा दारातल्या परक्याला बाहेर ठेवण्यास सांगते, ती तपासून पाहणे हाही धर्मच होय.