'फिट' म्हणून नेले, 'फिट येते' म्हणून परत पाठवले!



त्याचे नाव आम्ही लिहिणार नाही. गावाचेही नाही. गावाने आधीच त्याला पुरेशी नावे ठेवली आहेत.

बाप ऊसतोड कामगार. आईने बचत गटातून उचल घेऊन पोराला तालुक्याच्या भरती अकॅडमीत घातले. दीड वर्ष तो पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळाला. 2019 च्या भरतीत ग्राउंड निघाले, लेखी निघाली, मेडिकल झाले. फौजेच्या डॉक्टरांनी डोळे, कान, छाती, गुडघे, तळपाय सगळे तपासून शिक्का मारला : फिट. गावात हलगी वाजली. विहारासमोर सत्कार झाला. हार घालायला आम्हीही होतो.

ट्रेनिंगच्या पाचव्या महिन्यात त्याला पहिली फिट आली. तीन आठवड्यांनी दुसरी. लष्करी रुग्णालय, तपासण्या, मग मेडिकल बोर्ड. एका कागदावर सही घेतली, मग दुसऱ्यावर. काय लिहिले होते ते वाचलेस का, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "दादा, इंग्रजीत होतं. साहेब म्हणाले इथं सही कर, मी केली."

'फिट' म्हणून नेलेला पोरगा 'फिट येते' म्हणून परत आला. हातात काळी ट्रंक आणि एक कागद. पहिल्या आठवड्यात शेजारी विचारपूस करून गेले. दुसऱ्या आठवड्यापासून पारावर सुरू झाले : पळून आला, ट्रेनिंग झेपले नाही, काहीतरी लफडे केले असणार. आज तो एका गोदामात हमाली करतो आणि गोळ्यांचा खर्च स्वतःच्या मजुरीतून भागवतो. तो कागद त्याने इतकी वर्षे ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. कारण त्याला वाटले, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सही केली, म्हणजे विषय संपला.

विषय संपलेला नाही. तो तिथूनच सुरू होतो, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

दोन 'ना'

त्या कागदावर एक वाक्य आहे. आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. फौजेच्या कागदांत या वाक्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचे लघुरूप होते 'नाना'. दोन वेळा ना. या दोन 'ना'मध्ये पोराचे सगळे आयुष्य मावते. अपंगत्व निवृत्तीवेतन ना. पेन्शन नाही म्हणून माजी सैनिकाचा दर्जा ना. दर्जा नाही म्हणून नोकरीतले आरक्षण ना, औषधोपचाराची सोय ना.

आमचा प्रश्न साधा आहे. आजार सेवेमुळे झाला नाही म्हणता, मग तो आधीपासून होता का? आधीपासून होता, तर तुमच्याच डॉक्टरांनी 'फिट' असा शिक्का कसा मारला? आणि आधी नव्हता, तर तो तुमच्या ताब्यात असताना झाला. पहाटेचा पीटी, अपुरी झोप, उन्हातली परेड, सततचा ताण, या सगळ्याचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, हे कोणत्या आधारावर ठरवले? आधार असेल तर लिहा. बहुतेक वेळा तिथे कारण लिहिलेलेच नसते. चौकटीत 'नाही' लिहायचे, की काम संपले.

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तोच विचारला. तो जवानही फिट्स येतात म्हणून घरी पाठवलेला. न्यायालय म्हणाले : भरतीच्या वेळी नोंदीत आजार नसेल, तर माणूस निरोगी होता असेच धरावे लागेल. नंतर तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे गृहीत धरावे लागेल. संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, सैनिकाची नाही. संशयाचा फायदा सैनिकाला. आणि मेडिकल बोर्डाने आपल्या मताची कारणे लिहिलीच पाहिजेत.

2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. भरती करणाऱ्या डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचे बक्षीस सरकारला देता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. शिवाय अपंगत्वामुळे सेवेतून काढले आहे, याचाच अर्थ ते 20 टक्क्यांहून जास्त आहे असे धरले पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे काढताना 'हा कामाचा राहिला नाही' म्हणायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की 'अपंगत्व किरकोळ आहे' म्हणायचे, हा दुटप्पीपणा चालणार नाही.

आम्ही आमच्या वाचकांना अर्धे सत्य सांगत नाही. धरमवीर सिंग निकाल 1982 च्या नियमांवर उभा आहे. त्यानंतर 2008 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये नवे नियम आले, आणि त्यांची भाषा सैनिकासाठी कडक होत गेली. 2019 च्या नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासावे लागेल. म्हणजे प्रत्येक अपील जिंकलेच जाईल असे नाही. पण न केलेले अपील हरलेलेच असते, हे मात्र शंभर टक्के खरे.

बोर्ड जात विचारत नाही, पण अपील?

आमच्यावर आरोप होईल की तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. ठीक आहे, आम्ही मान्य करतो : मेडिकल बोर्ड जात विचारत नाही. फिट येताना ती जात बघून येत नाही. पण बोर्डानंतर काय होते ते बघा. ज्याचा मामा निवृत्त सुभेदार आहे, ज्याचा चुलतभाऊ वकील आहे, ज्याच्या घरात इंग्रजी कागद वाचणारे माणूस आहे, तो सहा महिन्यांच्या आत अपील करतो. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी फौजेत गेले, तो कागद ट्रंकेत ठेवतो. नियम सर्वांना सारखा, पण नियमापर्यंत पोहोचण्याची वाट सारखी नाही. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतल्या ज्या विसंगतीचा इशारा दिला, ती विसंगती आज त्या ट्रंकेच्या तळाशी पडली आहे.

आणखी एक उदाहरण घ्या. अधिकारी होण्यासाठी प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना अपंग झालेल्या कॅडेटांची हकीकत 2025 मध्ये वृत्तपत्रात छापून आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला औषधोपचाराची सोय करावी लागली. ते योग्यच झाले. त्या मुलांवरही अन्याय होता आणि आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. पण शिपाई म्हणून भरती झालेल्या रिक्रूटची बातमी कोण छापणार? गंमत अशी की कॅडेट कायद्याने सेवेतच धरला जात नाही, आणि आमचा रिक्रूट नाव नोंदल्या दिवसापासून सेवेत असतो. म्हणजे कागदावर त्याचा हक्क कॅडेटपेक्षा भक्कम आहे. हक्क भक्कम आणि माणूस गप्प, ही स्थिती कोणाच्या सोयीची आहे?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : हे सैन्याच्या विरोधात बोलणे झाले. नाही. ज्या पोराने सैन्यात जाण्यासाठी दीड वर्ष रस्ता तुडवला त्याच्या बाजूने बोलणे सैन्याविरोधी कसे? सैनिकाला वाऱ्यावर सोडले तर सैन्याचे मनोधैर्य खचते, हे सुखविंदर सिंग निकालातच सांगितले आहे. ते न्यायाधीशही देशद्रोही का?

दुसरा आक्षेप : तो ट्रेनिंगमध्येच होता, लढला कुठे? मग ट्रेनिंग म्हणजे सहल होती काय? हुकूम फौजेचा, शिस्त फौजेची, आजारी पडला तर रजा द्यायची की नाही हे ठरवणारी फौज. सगळा ताबा तुमचा आणि जबाबदारी मात्र त्याच्या नशिबाची?

तिसरा आक्षेप : पोरांनी आजार लपवला असेल. लपवला असेल तर पुरावा द्या. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, आधीचे उपचार, काहीही दाखवा. नुसता संशय हा पुरावा नसतो. आणि आमच्या अकॅडमीवाल्यांनाही आम्ही बजावतो : मेडिकलमध्ये आजार लपवायला पोरांना शिकवू नका. तुमची फी वसूल होते, पण पोराचे अपील तिथेच मरते.

अग्निवीरांचे काय?

2022 पासून अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही. अपंगत्व आले तर प्रमाणानुसार 15, 25 किंवा 44 लाखांची एकरकमी रक्कम. पण कधी? अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेने बळावले असे बोर्डाने म्हटले तरच. म्हणजे पेन्शन गेली तरी ते दोन 'ना' तसेच राहिले. उलट त्यांचे वजन वाढले, कारण अग्निवीराच्या मागे दुसरा कुठलाच आधार नाही.

आमचा वारसा अर्जाचा आहे

1892 च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा आमचे पूर्वज घरी रडत बसले नाहीत. सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली. पुन्हा झगडलो, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजी सकपाळांच्या पोराला अर्जाची ताकद माहीत होती. अर्ज म्हणजे भीक नव्हे. अर्ज म्हणजे 'तू चुकलास' असे सत्तेला लेखी सांगणे.

आणि आज आपण काय करतो? 1 जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखोंनी जातो. जायलाच पाहिजे, आम्हीही जातो. पण ज्या सैनिकी परंपरेचा आपण जयजयकार करतो, त्याच परंपरेतला पोरगा मेडिकलवर घरी आला की त्याच्या दारात कोणी जात नाही. सत्काराला आपण सगळे होतो. तो परत आला तेव्हा आपण कुठे होतो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला. उत्तर लाजिरवाणे आहे.

काय करायचे

एक. घरी आलेल्या पोराचा कागद वाचा. काढण्याचे कारण काय लिहिले आहे? मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवले, की 'चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही' असे लिहून बोर्डाशिवायच काढले? आजार हे खरे कारण असूनही दुसरा शेरा मारला असेल, तर भांडणाचा पहिला मुद्दा तोच.

दोन. अभिलेख कार्यालयाकडून मेडिकल बोर्डाची सगळी कार्यवाही आणि भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल मागा. दिले नाही तर माहिती अधिकारात मागा. हे दोन कागद शेजारी ठेवले की अर्धे अपील आपोआप लिहिले जाते.

तीन. निवृत्तीवेतन नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते स्थापन झाले, त्याचे एक पीठ मुंबईत आहे, आणि सेवेतून बाहेर पडलेला माणूस आपण राहतो त्या भागाच्या पीठाकडे जाऊ शकतो. तिथेही मुदत अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची. उशीर झाला असेल तर कारण देऊन विलंब माफ करून घेता येतो. 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे उशिराची किंमत मोजावी लागते, पण दार बंद होत नाही.

चार. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 : अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जा आणि मागा.

पाच. प्रत्येक विहार समितीने एक वही ठेवावी. आपल्या भागातून कोण भरती झाले, कोण परत आले, का आले. सत्काराच्या फोटोइतकीच ही वही महत्त्वाची आहे.

त्या पोराची ट्रंक आम्ही उघडली. कागद मागवले. भरतीच्या अहवालात एकाही आजाराची नोंद नाही. बोर्डाच्या मतापुढे कारणाची जागा कोरी आहे. विलंब माफीच्या विनंतीसह त्याचे पहिले अपील रजिस्टर पोस्टाने गेले आहे. या वेळी सही करण्याआधी त्याने सगळा मजकूर मराठीत समजून घेतला, दोनदा वाचायला लावला आणि एका ठिकाणी आमची तारखेची चूक काढली. मग सही केली.

पारावरच्या मंडळींना आमचे एवढेच सांगणे : तो पळून आलेला नाही. पळ कोणी काढला असेल, तर जबाबदारीपासून व्यवस्थेने काढला आहे. आणि तिच्या मागे आम्ही लागलो आहोत.

जय भीम! जय संविधान!