काट्यावरचा विश्वास : भोपाळ, पिथमपूर आणि आपण

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात चार दशके पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५च्या जानेवारीत बारा कंटेनरांतून पिथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून संपवण्यात आला. कचरा येताच पिथमपूरची जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा हा विरोध अनेकांना अनाठायी वाटला. भट्टीचे तापमान आणि चिमणीतून निघणारे वायू यांवर यंत्रांची नजर असताना भीती कशाची, हा त्यांचा प्रश्न. दुय्यम भट्टीत सुमारे ११०० अंश सेल्सियस तापमान टिकले तरच अशा कचऱ्यातील घातक संयुगे पुरती नष्ट होतात. आणि ते टिकले की नाही, हे सांगणार पुन्हा मापकच! भोपाळचे नाव घेऊन आलेल्या कचऱ्याबाबत मापकावर विसंबून राहणे लोकांना का जड गेले, ते कळण्यासाठी २ डिसेंबर १९८४च्या रात्रीकडे जावे लागते.

मिथाइल आयसोसायनेट शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे, असा दंडक होता. ६१० क्रमांकाच्या टाकीत ते चाळीस टनांहून अधिक होते. मात्र ते थंड ठेवणारी शीतयंत्रणा १९८४च्या मध्यासच बंद करण्यात आली होती. तापमान ११ अंशांवर जाताच इशारा देणारी घंटा या टाकीला होती. शीतयंत्रणा थांबल्यावर टाकी नेहमीच त्याहून उष्ण राहू लागली, तेव्हा त्या घंटेला अर्थ उरला नाही. नव्या परिस्थितीनुसार ती पुन्हा लावण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. तापमापकाची पट्टी २५ अंशांवरच संपत होती. त्या रात्री टाकीतील उष्णता २०० अंशांच्याही पलीकडे गेली, हा पुढील तपासातला निष्कर्ष.

रात्री अकराच्या सुमारास दाबमापकाचा काटा दोन पौंडांवरून दहावर गेलेला दिसला. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, शिवाय तिथली उपकरणे भरवशाची नाहीत हा कामगारांचा अनुभव होता. म्हणून कोणी धावपळ केली नाही. गळतीची पहिली खूण यंत्रांनी दिली नाही, ती कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी दिली. पाणी टाकीत कसे शिरले यावर कंपनीने घातपाताचा दावा केला आणि तो वाद आजही चालतो. पण शीतयंत्रणा बंद असणे आणि घंटा मुकी असणे याला कोणा घातपात्याची गरज नव्हती. शासकीय नोंदीनुसार मृतांची संख्या ५,२९५ आहे. पीडितांच्या संघटना ती कितीतरी अधिक सांगतात.

ही वृत्ती आपल्या अगदी जवळ, मोटारीच्या वातानुकूलनातही भेटते. जाणता मेकॅनिक सेन्सरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवत नाही, आणि एकदम अविश्वासही दाखवत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी आतल्या, बाहेरच्या आणि शीतकाच्या सेन्सरांचे आकडे जवळपास सारखे असावे लागतात. मे महिन्यातल्या फोंड्यात एखादा सेन्सर उणे ४० अंश दाखवत असेल, तर बहुधा तार तुटलेली आहे. मग दुसऱ्या तापमापकाशी पडताळणी होते. याच्या उलट, शीतकाच्या बिघडलेल्या सेन्सरच्या जागी ठरावीक रोध जोडून यंत्रणेला फसवणारेही असतात. एसी तात्पुरता चालतो आणि काही वेळाने शीतकावर बर्फ साचतो. गाडीत एवढ्यावर निभावते.

गोव्याला हा विषय परका नाही. केरीच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात १९९५ साली एका तरुणाचा बळी गेला आणि शेवटी प्रकल्प हलला. त्या लढ्यावर भोपाळची गडद छाया होती. जानेवारी २०१८मध्ये चिखलीत अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा रहिवाशांना घरे सोडावी लागली. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे कारखानदारांवर बंधनकारक ठरले. ती तरतूद कागदावर उत्तम आहे. परंतु धोक्याची माहिती म्हणजे कोणते रसायन किती टन, एवढेच मानण्याचा प्रघात पडला आहे. टाकीचा तापमापक शेवटचा कधी पडताळला, कोणती घंटा किती काळ बंद ठेवली आणि कोणाच्या आदेशाने, दाबमापकाच्या नोंदवहीत तोच आकडा सलग किती दिवस उतरवला गेला, हे विचारण्याची सवय ना ग्रामसभांना आहे, ना (हे मान्य करावेच लागेल) आम्हा वृत्तपत्रवाल्यांना. आल्तिनो येथील कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने प्रत्येक धोकादायक कारखान्यातील बंद ठेवलेल्या घंटांची यादी संबंधित पंचायतीला द्यायला सुरुवात केली, तर त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज पडेल असे वाटत नाही.