मोठी चाकं आणि इयत्ता आठवीचं गणित

हल्ली रस्त्यावर थार, जिम्नी, जुन्या जिप्सी अशा दणकट गाड्या बऱ्याच दिसतात. त्यातल्या कित्येकांची चाकं मूळची नसतात. हौसेने बदललेली असतात, जाड आणि उंच. गाडी रुबाबदार दिसते यात शंका नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. यातल्या बहुतेकांना मोठ्या चाकांची गरज नसते, आणि गरज नसताना ती लावणं म्हणजे पदरचे पैसे खर्चून ब्रेक कमजोर करून घेणं.

"अण्णांना गाडी चालवता येत नाही, मग ते यात कशाला पडतात?" असं पुतणेमंडळी म्हणतील. पडतो, कारण आमच्या घरातल्या थारला मोठी चाकं घालायचं घाटतंय. धाकट्याने दुकानदाराकडून दरही काढून आणलाय. "काही होत नाही," असं दुकानदार म्हणाला म्हणे. तीच गाडी घेऊन सूनबाई दर पंधरा दिवसांनी ताम्हिणी उतरून माणगावला माहेरी जाते, मागच्या सीटवर दोन नातवंडं. तेव्हा काय होतं आणि काय होत नाही, ते मी कागद-पेन्सिल घेऊन बघितलं. गणित आठवीचंच आहे.

टायरवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं असतं. थारच्या वरच्या मॉडेलचं हेच माप. २५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १८ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. धाकट्याला हवं आहे २८५/६५ आर १८. त्याचा व्यास सुमारे ८२८. फरक ३९ मिलिमीटर.

आता गंमत बघा. व्यास ३९ ने वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही! थार मुळातच जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. एवढ्याशा वाढीसाठी हा सगळा खटाटोप.

उलट बाजूला काय जातं? चाकाचा परीघ पाच टक्के वाढतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ने पळत असते. इंजिनाची ओढ रस्त्यापर्यंत पोचताना तेवढ्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे चढाला गाडी मंदावते. ब्रेकचंही तसंच. पकड तीच, पण चाकाची त्रिज्या मोठी, म्हणून थांबवण्याचा जोर कमी पडतो. त्यात चाक वजनाने जड, ते फिरायचं थांबवायला आणखी कष्ट. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवतो ना, ती धरही सैल होते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठेतरी घासायची शक्यता. मग गाडी उंच करायची, म्हणजे वळणावर कलंडायची भीती वाढली. थारची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, तिचं वाढलेलं वजन बिजागऱ्यांनी पेलायचं.

मोठ्या चाकाला गुण नाहीत असं मी म्हणत नाही. आपली बैलगाडीच बघा. तिचं चाक उगाच मोठं नव्हतं. लहान चाक खड्ड्यात बसतं, मोठं वरून निघून जातं, हे गाडीवानाला पक्कं ठाऊक होतं. पण धाव चढवलेलं ते चाक बैलाच्या चालीने जायचं. ८० च्या वेगात आपला कोणी गाडीवान घाट उतरत नव्हता. जे खरोखर दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून गाड्या काढतात, ब्रेक-गिअरचा विचार करून सगळी जुळणी करतात, त्यांच्याशी माझा वाद नाही.

वाद आहे तो पुणे ते माणगाव जाणाऱ्यांशी. वर्षातून एकदा चिखल लागतो म्हणून ३६४ दिवस जड चाकं फिरवायची? चिखलासाठी गाडीत कंपनीने फोर-व्हीलचा खालचा गिअर दिलेलाच आहे. तो वापरायला शिकावं. मऊ जमिनीत टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरली म्हणजे झालं. हवेचा छोटा पंप मोठ्या टायरांच्या मानाने फुकटच पडतो. (समुद्रकिनाऱ्यावर मात्र हवा कमी करूनही जाऊ नका. आंजर्ले, वेळासकडे कासवं वाळूत अंडी घालतात.)

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालतं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीला बोट ठेवायला आपणच जागा करून दिलेली असेल. "काही होत नाही" म्हणणारा दुकानदार तेव्हा साक्षीला येणार नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. टायर झिजले असतील तर जरूर बदला. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलंच माप घ्या, भार पेलायचा आणि वेगाचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसावा. पकड हवी असेल तर खोल नक्षीचे, सगळ्या रस्त्यांना चालणारे टायर त्याच मापात मिळतात. उरलेल्या पैशांत एखाद्या चांगल्या माणसाकडून दोन दिवस कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायला शिका. ते शिक्षण टायरसारखं झिजत नाही.

धाकट्या, हे तू वाचशीलच. निर्णय तुझा आहे, गाडीही तुझीच. पण पैसे देण्याआधी वरचं गणित एकदा स्वतः करून बघ. आणि ज्यांनी मोठी चाकं लावून घाट उतरले आहेत, त्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा.